प्राणिप्लवकांची डिजिटल ओळख मार्गदर्शिका

प्राणिप्लवकांची डिजिटल ओळख मार्गदर्शिका म्हणजे गोड्या पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी ओळखण्यासाठी तयार केलेली संगणकीय सूची होय. तीत रोटिफेरा, क्लॅडोसेरा, कोपेपोडा इत्यादी गटांची सूक्ष्मदर्शकीय छायाचित्रे असतात. लक्षणांच्या पर्यायांतून क्रमाक्रमाने निवड करीत वापरकर्ता जातीपर्यंत पोहोचतो.

== महत्त्व ==
सायक्लोप्सच्या शृंगिका आखूड, तर डायाप्टोमसच्या लांब असतात. हा भेद आरोग्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. कारण सायक्लोप्स हा नारूच्या कृमीचा मध्यस्थ पोषक होय. महाराष्ट्रात पूर्वी पायऱ्यांच्या विहिरींतून हा रोग पसरे. २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला.

== निर्मिती ==
काही डॅफ्नियांच्या शिरस्त्राणाचा आकार तापमान व भक्षकांनुसार बदलतो. त्यामुळे एकाच चित्रावरून ओळख चुकू शकते. मार्गदर्शिकेत प्रत्येक जातीची विविध रूपे देणे आवश्यक ठरते.