मालमोटारीवरील दुसरा माणूस : रत्नागिरीच्या वाहतुकीतील एक जुना प्रश्न

माल घेऊन दूरच्या वाटेस निघणाऱ्याने एकट्याने जावे की सोबती घेऊन, हा प्रश्न मालमोटारीबरोबर जन्मास आलेला नाही. एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस सह्याद्री अशा रत्नागिरी जिल्ह्यात तो प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला. व्यापाराच्या इतिहासात मालाची, भावाची व जकातीची नोंद होते. वाहनावर माणसे किती होती व त्यांचे परस्परांशी नाते काय होते, याची नोंद क्वचितच होते. कायद्याची कलमे आणि व्यवसायात रूढ झालेले शब्द ही दोन साधने मात्र या बाबतीत बरेच काही सांगतात. त्यांच्या आधारे पाहता असे दिसते की, दुसरा माणूस हा केवळ राखीव चालक कधीच नव्हता. कायद्याने त्याला तेवढेच मानले, आणि म्हणूनच पुढे त्याला वगळणे सोपे झाले.

गाडीरस्ते होण्यापूर्वी कुंभार्ली, आंबा, अणस्कुरा या घाटांतून मालाची ने-आण लमाणांच्या व वंजाऱ्यांच्या बैलांवरून होत असे. या वाहतुकीचे एकक एक माणूस व एक बैल हे नव्हते. ते ‘तांडा’ हे होते. चोर, श्वापदे व अवघड चढण यांपुढे एकटा माणूस टिकणे कठीण, म्हणून सोबत ही वाटेची पहिली अट होती. समुद्रावर हीच अट निराळ्या रूपाने दिसते. गलबतावर तांडेल हा प्रमुख व त्याच्या हाताखाली खलाशी, अशी रचना असे. हाताखालचा माणूस वारा, भरती-ओहोटी व खडकांच्या जागा पाहत पाहत शिके आणि त्यांतूनच पुढचा तांडेल तयार होई. म्हणजे दुसरा माणूस हा मदतनीस होता, साक्षीदार होता आणि उमेदवारही होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाटांतून गाडीरस्ते झाले व विसाव्या शतकात त्यांवर मोटारी आल्या. मोटारीबरोबर आलेले दोन शब्द येथे विचारात घेण्यासारखे आहेत. ‘ड्रायव्हर’ हा शब्द हाकणाऱ्याच्या मुख्य कामावरून आला. परंतु त्याच्या सोबत्यास मिळालेले ‘क्लीनर’ हे नाव त्याच्या सर्वांत गौण कामावरून, गाडी पुसण्यावरून आले. बोलीत आरंभीच्या जोडाक्षरातील ‘ल’ गळाला, दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला, पुढील व्यंजनाचे द्वित्व झाले आणि ‘किन्नर’ हे रूप रूढ झाले. देवलोकीच्या गायकाचे नाव अशा रीतीने मालमोटारीच्या डाव्या दाराशी येऊन बसले. पूर्व भारतात याच माणसास ‘खलासी’ म्हणतात. तेथे जहाजावरचा शब्द रस्त्यावर आला. ज्या कोकणात तो शब्द घरोघर माहीत आहे, तेथे मात्र तो समुद्रावरच राहिला.

नाव गौण असले तरी काम गौण नव्हते. भारतात चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे डावीकडची कड, मोरीचा कठडा व पायी चालणारा माणूस हे सर्व किन्नराच्या नजरेच्या टप्प्यात असते. चढणीवर गाडी थांबली तर उडी टाकून चाकाखाली दगड लावणे, गाडी मागे घेताना आवाज देणे, ताडपत्री व दोर पाहणे, चाक बदलणे आणि चालक जेवावयास गेला असता मालाची राखण करणे, ही सर्व कामे त्याची. त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम कोणत्याही यादीत येत नाही. ते म्हणजे पहाटेच्या सुमारास चालकाला बोलते ठेवणे. आणि मोकळ्या पट्टीवर कधीमधी हाती चक्र मिळाले तर हाच किन्नर पुढे ड्रायव्हर होई. परवान्याशिवाय चालणारे हे शिक्षण बेकायदेशीर व धोक्याचे होते. तथापि गरीब घरातील मुलास या धंद्यात शिरण्याची दुसरी वाट फारशी नव्हती, हेही तितकेच खरे.

कायद्याने प्रथम श्रमाचे तास मोजले. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि दिवसास ९ तासांची मर्यादा घातली. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने सामान्यतः दिवसास ८ व आठवड्यास ४८ तास ठरविले. त्याच्या व्याख्येत ‘क्लीनर’ हा शब्द स्पष्टपणे आला होता. परंतु तो अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता, म्हणून एका गाडीचा मालक व त्याचा किन्नर त्याबाहेर राहिले. १९८८ च्या अधिनियमाने कामाचे तेच तास सर्व परिवहन वाहनांस लावले. पुढे १९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम ९० अन्वये राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर किमान दोन चालक असावेत व राखीव चालकास आडवे होऊन झोपता येईल असे आसन असावे, अशी अट आली. प्रत्यक्षात एक चालक व एक किन्नर हीच जोडी सर्वत्र दिसे. कागदावर दोन चालक आणि गाडीवर दीड, असा हा व्यवहार होता. २०१८ साली ही अट काढून टाकण्यात आली.

या नियमांचा रत्नागिरीस कितपत उपयोग झाला, हे आंब्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. हंगामात पेट्या भरलेली गाडी सायंकाळी निघते आणि पहाटेच्या बाजारासाठी वाशीस पोचावी लागते. उन्हात थांबली तर माल तापतो. हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण, परशुराम घाट, कशेडी, महाड, पनवेल हे अंतर सुमारे ३३० किलोमीटर. भरल्या गाडीचा सरासरी वेग ताशी ३५ किलोमीटर धरला, तर केवळ हाकण्यासच साडेनऊ तासांच्या आसपास लागतात. म्हणजे ८ तासांची मर्यादा एकट्या चालकाकडून पाळली जाणे या हिशेबाने अशक्य होते. परंतु ही गाडी महाराष्ट्राबाहेर जात नाही. तिला राष्ट्रीय परवाना लागत नाही आणि म्हणून दोन चालकांची अट तिला कधी लागूच नव्हती. तासांचा नियम तिच्यावर बंधनकारक होता, पण तो पाळण्याचे साधन देणारा नियम तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

अन्यत्र या दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आढळतात. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमावलीत एकट्या चालकासाठी विश्रांतीचा हिशेब २४ तासांच्या आत, तर दोघे चालक असतील तर ३० तासांच्या आत केला जातो. कोकणाने मात्र एक वेगळेच उत्तर शोधले. कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाड ते वेर्णा अशी भरलेल्या मालमोटारी वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू केली. त्या वाटेवर गाडी चालते, पण चालकास जागावे लागत नाही. तेथे दुसऱ्या चालकाचे काम आगगाडी करते.

एकट्याने जाण्याच्या बाजूनेही विचार व्हावयास हवा. रुंद झालेला महामार्ग, कशेडीचा बोगदा व हलके सुकाणूचक्र यांनी किन्नराची पुष्कळ जुनी कामे कमी केली. चालत्या गाडीत घेतलेली झोप ही पुरी झोप नव्हे. अपघात झालाच तर एकाऐवजी दोन जीव जातात. आणि भाडे तेच राहून दुसऱ्याचा पगार द्यावयाचा, तर लहान मालकास तो जड जातो. हे सर्व आक्षेप खरे आहेत. परंतु त्यांचा निष्कर्ष ‘एकटा पुरे’ असा निघत नाही. एकट्यास थांबण्याची जागा व थांबण्याचा वेळ दिला पाहिजे, असा निघतो. तो वेळ भाड्यात धरला जात नसेल, तर दुसऱ्या माणसाच्या पगारात वाचलेली रक्कम पहिल्या माणसाच्या झोपेतून वसूल होत असते.

तांड्यापासून मालमोटारीपर्यंतच्या या वाटचालीत सोबत्याची संख्या घटत गेली, हे वाहतुकीच्या प्रगतीचे लक्षण मानले जाते. ते अंशतः बरोबर आहे. मात्र तांडेलाच्या हाताखालचा खलाशी उद्याचा तांडेल म्हणून ओळखला जाई. किन्नराला ना ते स्थान मिळाले, ना तसे नाव. ज्याच्या कामाला भाषेने नीट नाव दिले नाही, त्याचे काम कायद्यालाही दिसले नाही. दुसरा माणूस गाडीवर असावा की नसावा, हे ठरविण्यापूर्वी तो आजवर काय करीत आला हे नीट लिहून ठेवणे आवश्यक आहे. ही नोंद अद्याप जुन्या चालकांच्या बोलण्यात शिल्लक आहे, आणि ती माणसे आता वृद्ध होत आहेत.