आगाऊ वर्गणीदार

आमच्या मंगळवार पेठेत वाढलेल्या माणसाला वर्गणी म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. लहानपणी पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहिलेली पोरं बघायची, आणि मिसरूड फुटलं की तेच पुस्तक घेऊन आपण दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. गणपतीची वर्गणी, शिवजयंतीची वर्गणी, तालमीच्या फुटबॉल टीमची वर्गणी. देणारा फारसं विचारत नाही, कारण मांडव त्याच्याच दारासमोर पडणार असतो. पैशाचं काय झालं ते त्याला खिडकीतून दिसतं.

खिडकीतून न दिसणाऱ्या कामाला आगाऊ पैसे द्यावेत का, हा प्रश्न परवा आमच्या भाच्यानं विचारला. (ताई, तू हे वाचणार आहेस ते माहीत आहे. पैसे त्याच्या स्वतःच्या पगारातले आहेत, तेव्हा शांत राहा.) त्याला एका परदेशी व्हिडिओ गेमला पैसे द्यायचे आहेत. गेम अजून तयार नाही. तयार करणाऱ्यांकडे चार चित्रं आहेत, एक पात्रांची यादी आहे आणि दोन वर्षांनंतरची एक तारीख आहे. "मामा, असले लोक शब्द पाळतात काय?" असं त्यानं विचारलं. मी त्याला फोनवर जे उत्तर दिलं ते फार त्रोटक होतं, म्हणून हे लांबलचक.

नातेवाईक मंडळींसाठी आधी थोडं सांगतो. रोल-प्लेइंग गेम म्हणजे सोंग घेऊन खेळायचा खेळ. आपण एक पात्र व्हायचं आणि पन्नास-शंभर तास एका गोष्टीत राहायचं. कुणाशी कसं बोललो, कुणाला सोडलं, कुणाला मारलं, त्यावर पुढची गोष्ट बदलते. लिहायला प्रचंड, म्हणून करायला महाग. २०१० च्या आसपास मोठ्या प्रकाशकांनी जुन्या धाटणीच्या अशा खेळांना पैसे घालणं जवळजवळ बंद केलं होतं. मग ही मंडळी थेट खेळणाऱ्यांच्या दारात गेली. पावतीपुस्तकाच्या जागी किकस्टार्टर नावाची, २००९ साली सुरू झालेली व्यवस्था होती, एवढाच फरक.

२०१२ हे त्यातलं सुगीचं वर्ष. ब्रायन फार्गो या गृहस्थांनी १९८८ सालच्या आपल्याच 'वेस्टलँड'चा दुसरा भाग करायला ९ लाख डॉलर मागितले, लोकांनी २९ लाखांवर दिले. ऑब्सिडियन नावाच्या कंपनीचा एक मोठा खेळ त्याच वर्षी प्रकाशकानं मधेच रद्द केला होता आणि माणसं कमी करायची वेळ आली होती. त्यांनी ११ लाख मागितले, तर सुमारे ७४ हजार लोकांनी मिळून ३९ लाखांच्या वर दिले. त्यातून 'पिलर्स ऑफ इटर्निटी' झाला.

दोन्ही खेळ आले. दोन्ही उशिरा आले. 'वेस्टलँड २' ऑक्टोबर २०१३ ला यायचा होता, तो सप्टेंबर २०१४ ला आला. 'पिलर्स' एप्रिल २०१४ ऐवजी मार्च २०१५ मध्ये. म्हणजे वर्षभराचा उशीर, आणि तोही चांगल्यांपैकी. 'किंग्डम कम: डिलिव्हरन्स' दोन वर्षांहून जास्त उशिरा आला, आणि काय सुंदर आला!

आता थोडं मागं जाऊ या, कारण हा धंदा किकस्टार्टरनं काढलेला नाही. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीनं होमरच्या 'इलियड'चं भाषांतर असंच आगाऊ वर्गणीवर केलं. १७१५ ते १७२० या काळात सहा खंड, खंडाला एक गिनी. त्यानं शब्द पाळला आणि श्रीमंतही झाला. पुढं डॉक्टर जॉन्सननं १७५६ साली शेक्सपिअरच्या नाटकांची संपादित आवृत्ती जाहीर केली, पुढच्या वर्षाअखेर देतो म्हणाला, आणि दिली ती १७६५ ला. वर्गणीदारांची नावं का छापली नाहीत असं विचारल्यावर, यादी हरवली आणि पैसेही संपले, असं तो बिनदिक्कत सांगायचा म्हणे. आज एखाद्या गेमवाल्यानं असं सांगून बघावं!

आपल्याकडंही याची मोठी परंपरा आहे. शंकर पांडुरंग पंडितांनी १८७६ पासून 'वेदार्थयत्न' हे मासिक काढलं. ऋग्वेदाचा मराठी आणि इंग्रजी अर्थ हप्त्याहप्त्यानं द्यायचा, असा बेत. काम अव्वल होतं, पण दहा मंडलांपैकी निम्मी गाठायच्या आतच ते थांबलं. याला शब्द मोडणं म्हणायचं का? ज्याच्या घरी आलेले अंक शिल्लक राहिले त्यानं नुसते पैसे गमावले असं मला म्हणवत नाही. अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंड आणखी वेगळा. माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग काढायचा, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना खरोखर उभा राहिला. पण एक पैसा देणारा त्या पैशाच्या बदल्यात स्वतःसाठी काचेचा पेला मागत नव्हता. किकस्टार्टरवर पैसे देणारा मागतो, आणि त्याला तसं सांगितलेलंही असतं. घोळ तिथूनच सुरू होतो. तो गिऱ्हाईक नाही, भागीदारही नाही. पण ज्या दिवशी तारीख उलटते त्या दिवशी तो दोन्ही होतो.

(आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली तेव्हा भांडवल दिलं ते तानीबाई कागलकर या गायिकेनं. तिथं शब्द एका माणसाला द्यायचा होता. त्यावर वेगळं लिहायचंय, कधीपासून राहिलंय.)

पण भाच्याच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा मराठी माणूस म्हणजे श्रीधर व्यंकटेश केतकर. १८८४ चा जन्म, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट, १९१२ साली परत, आणि डोक्यात एकच खूळ: मराठीत ज्ञानकोश पाहिजे. सरकार पैसे देणार नव्हतं. एखादा राजा गाठून काम झालं असतं तर कदाचित लवकर झालं असतं. केतकरांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले आणि वर्गणीदार जमवायला सुरुवात केली. महायुद्धाचे दिवस, कागदाचे भाव चढलेले. ते आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडत होते. जे पुस्तक अजून लिहिलंच नाही त्याचे पैसे वकील, मास्तर, मामलेदार यांच्याकडून मागत होते. पुढं कचेरी पुण्याला आली. स्वतःचा छापखाना झाला.

१९२० साली पहिला खंड निघाला, आणि इथं मला हसू येतं. कारण कोश विकत घेणाऱ्याला काय पाहिजे असतं? अकारविल्हे नोंदी. 'अ' काढायचा आणि बघायचं. केतकरांनी त्याच्या आधी चक्क पाच प्रस्तावना खंड लिहिले! 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या', 'बुद्धपूर्व जग', 'बुद्धोत्तर जग', 'विज्ञानेतिहास'. परक्यांच्या कोशाचं भाषांतर करून भागणार नाही, जगाकडं आपल्या जागेवरून बघायला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आग्रह बरोबरच होता. पण घरात पाच जाडजूड खंड आले आणि अजून 'अ' सुद्धा नाही, तेव्हा एखाद्या तालुक्याच्या गावातल्या वर्गणीदाराचं तोंड कसं झालं असेल!

गेमवाल्यांची खोड अगदी हीच आहे. ठरलेली रक्कम जमली की थांबायचं नाही. आणखी एवढे आले तर एक शहर जास्त, आणखी एवढे आले तर एक सोबती पात्र जास्त. 'पिलर्स'मध्ये तर वर्गणीदार वाढतील तसा भुयाराचा एकेक मजला वाढत गेला, शेवटी १५ मजले झाले. आमच्या पेठेत एका मंडळानं मूर्ती एकवीस फुटी केली की पलीकडच्याची बावीस फुटी होते, तसला प्रकार. मी ते भुयार खेळलोय. पाचव्या मजल्यावर कंटाळलो.

आणि ही वाढीव वचनंच नेमकी अंगाशी येतात. 'टॉरमेंट: टाइड्स ऑफ न्यूमनेरा' या खेळाला २०१३ साली ४१ लाख डॉलरच्या वर मिळाले. डिसेंबर २०१४ ची तारीख होती, खेळ आला फेब्रुवारी २०१७ ला. खेळ उत्तम लिहिलेला आहे, माझ्या आवडत्यांपैकी. पण सांगितलेली काही सोबती पात्रं गळाली होती, इटालियन आवृत्ती रद्द झाली होती, आणि हे कंपनीनं नीट मान्य केलं ते खेळ यायच्या महिनाभर आधी. लोक चिडले ते गाळल्यामुळं कमी आणि न सांगितल्यामुळं जास्त, असं माझं मत. ज्या इटालियन माणसानं आपल्या भाषेसाठी पैसे दिले होते त्याचं तर काम पूर्णच बुडालं.

न आलेलेही आहेत. 'प्रोजेक्ट फिनिक्स' नावाच्या जपानी धाटणीच्या खेळानं २०१३ साली १ लाख मागून १० लाख डॉलर मिळवले. मोठमोठी नावं जोडलेली, संगीतकार नामवंत. खेळ आलाच नाही. आणि 'स्टार सिटिझन'ची तर जातच निराळी. २०१२ साली किकस्टार्टरवर २१ लाख डॉलर, तारीख नोव्हेंबर २०१४. लोक पैसे देतच राहिले. २०२४ साली एकूण वर्गणी ७० कोटी डॉलरच्या पुढं गेली, तेव्हाही पूर्ण झालेला खेळ बाहेर आलेला नव्हता. अर्धवट खेळायला मिळतो, आणि ते खेळणारे खूषही आहेत. याला फसवणूक म्हणू नये असं मला वाटतं. पण ज्याला पैसे आले की काम संपवायची गरज उरत नाही, तो काम संपवेल का? मंडपाची वर्गणी बाराही महिने येत राहिली तर विसर्जन कोण करणार?

पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या ईथन मॉलिक यांनी २०१५ साली किकस्टार्टरवरच्या सगळ्या प्रकारच्या प्रकल्पांची पाहणी केली, त्यात वस्तूच न देणारे साधारण ९ टक्के निघाले. म्हणजे वस्तू बहुतेक वेळा मिळते. तारखेला मिळेल यावर मात्र पैज लावू नये. भाच्याला मी फोनवर सांगितलं ते एवढंच.

न सांगितलेलं असं, की शब्द पाळण्याचा खर्च कुणाच्या तरी खिशातून जातो आणि तो वर्गणीदाराला दिसत नाही. केतकरांनी ज्ञानकोश पुरा केला. सूचीखंड धरून २३ खंड, आणि तेही त्याच दशकात. त्यानंतर आपल्याकडं सरकारी पाठबळावर झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा, हे बघितलं की केतकरांचा वेग लक्षात येतो. वर त्यांनी १९२७ साली 'माझे बारा वर्षांचे काम' हे पुस्तक लिहून सगळ्या उद्योगाची हकिकत लोकांपुढं ठेवली. इतका हिशेबी प्रवर्तक आजही मिळायचा नाही. मग त्यांनी गुजराती ज्ञानकोश हातात घेतला. तो काही पुरा झाला नाही. शेवटची वर्षं ओढगस्तीत गेली, आणि १० एप्रिल १९३७ ला, त्रेपन्नाव्या वर्षी, ते पुण्यात गेले. म्हणजे एकाच माणसानं एक शब्द पाळला आणि दुसरा त्याला पाळता आला नाही. हुशारी तीच, चिकाटी तीच. वय आणि पैसा तेवढा उरला नव्हता.

गेमवाल्यांतही असं झालंय. योशिताका मुरायामा यांनी २०२० साली 'आयुडेन क्रॉनिकल' या खेळासाठी ४५ लाख डॉलरच्या आसपास वर्गणी जमवली. खेळ एप्रिल २०२४ मध्ये आला. मुरायामा फेब्रुवारीत वारले होते.

भाच्यानं पैसे भरले की नाही ते मी विचारलेलं नाही. (ताई, तूही विचारू नकोस.) पण या निमित्तानं मी सासऱ्यांच्या कपाटातले ज्ञानकोशाचे खंड बघायला गेलो. त्यांच्या वडिलांनी घेतलेले, सगळे नाहीत. तो कोश आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो, यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं ते मोठं काम केलंय, तरी कागद तो कागद. मधल्या नोंदींच्या खंडांची पानं हाताळून मऊ पडलीत, कडेला शाईच्या खुणा आहेत, एका ठिकाणी किराणाची यादीसुद्धा आहे. प्रस्तावना खंड मात्र करकरीत. पाचवा तर उघडताना कण्याशी कडकड वाजला. तो 'विज्ञानेतिहास' मी वाचायला घरी आणलाय. साठ पानं झाली. चांगला आहे.