मदरबोर्ड बदलण्यापूर्वी टेप ड्राइव्हची सुसंगतता तपासा

जुन्या संगणकाचा वेग वाढविण्यासाठी मदरबोर्ड बदलण्याचा मार्ग अनेक कार्यालयांत अवलंबिला जातो. प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्क यांचा त्या वेळी विचार होतो. बॅकअपसाठी जोडलेल्या टेप ड्राइव्हकडे मात्र दुर्लक्ष होते. नव्या बोर्डवर हा ड्राइव्ह चालला नाही, तर कार्ट्रिज सुस्थितीत असूनही त्यावरील माहिती वाचता येत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार कंपन्यांना हिशेबाची पुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे जतन करावी लागतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

जोडणीचा प्रकार

ड्राइव्ह कोणत्या केबलने जोडला आहे, हे प्रथम पाहावे. १९९० च्या दशकातील क्यूआयसी-८० प्रकारचे ड्राइव्ह बहुधा फ्लॉपीच्या केबलवर चालत. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हचा अडॅप्टर त्यांना उपयोगी पडत नाही. काही ट्रॅव्हन ड्राइव्ह आयडीई केबलवर चालत; परंतु इंटेलने २००६ मध्ये आयसीएच-८ या चिपपासून आयडीईची अंगभूत सोय वगळली. डीडीएस आणि सुरुवातीचे एलटीओ ड्राइव्ह प्रामुख्याने स्कझी जोडणीचे, तर नंतरचे एलटीओ ड्राइव्ह एसएएस किंवा फायबर चॅनेलचे आहेत.

स्कझी कार्ड आणि स्लॉट

स्कझी ड्राइव्हसाठी बहुतांश संगणकांत स्वतंत्र कार्ड असते. जुनी कार्डे आयएसए किंवा पीसीआय स्लॉटची आहेत. २००३ मध्ये पीसीआय एक्स्प्रेसचे मानक आले आणि पुढे बोर्डांवरून जुने स्लॉट हळूहळू नाहीसे झाले. पीसीआय कार्ड पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसत नाही. म्हणून नव्या बोर्डच्या पुस्तिकेत स्लॉटचा प्रकार आणि संख्या पडताळणे आवश्यक ठरते. पीसीआय एक्स्प्रेसचे स्कझी कार्ड घ्यायचे झाल्यास आणखी तीन बाबी पाहाव्यात.

पहिली, जोडणी ५० पिनांची आहे की ६८ पिनांची. दुसरी, ड्राइव्ह एलव्हीडी आहे की एचव्हीडी. हे दोन प्रकार एकाच केबलवर चालत नाहीत. चुकीच्या जोडणीने उपकरणांना इजाही होऊ शकते. तिसरी, केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा आणि प्रत्येक उपकरणाचा आयडी क्रमांक वेगळा हवा.

ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर

कार्ड बसले म्हणजे काम संपत नाही. ३२ बिट विंडोजचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही. विंडोज एक्सपीमधील एनटीबॅकअप हा प्रोग्राम टेपवर लिहू शकत असे. व्हिस्टापासून तो काढून टाकण्यात आला. विंडोज सर्व्हर २००८ मधील अंगभूत बॅकअप सुविधाही टेपवर लिहीत नाही. लिनक्समध्ये 'एसटी' ड्रायव्हरद्वारे स्कझी टेप वापरता येते. तथापि बॅकअप ज्या सॉफ्टवेअरने घेतला, त्याचा स्वरूपबंध ओळखणारा प्रोग्रामच ती माहिती परत आणू शकतो.

ड्राइव्हच बदलायचा असल्यास

एलटीओच्या सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागील दोन पिढ्यांची कार्ट्रिज वाचतात आणि एका मागील पिढीवर लिहितात. एलटीओ-८ केवळ एलटीओ-७ पर्यंतच मागे जातो. त्यामुळे २००० मध्ये आलेल्या एलटीओ-१ ची कार्ट्रिज वाचण्यासाठी एलटीओ-३ हा शेवटचा ड्राइव्ह ठरतो. डीएटी-७२ ड्राइव्ह डीडीएस-३ आणि डीडीएस-४ कार्ट्रिज हाताळतो.

कामाचा क्रम

बोर्ड काढण्यापूर्वी ड्राइव्हचा मॉडेल क्रमांक, कार्डाचे नाव, आयडी क्रमांक आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहून ठेवावी. त्यानंतर जुन्याच संगणकावर महत्त्वाच्या कार्ट्रिज वाचून त्यांतील फाइली हार्ड डिस्कवर उतरवाव्यात आणि त्या उघडून पाहाव्यात. बॅकअप घेतला गेला एवढ्याने तो परत मिळेल, याची खात्री होत नाही. नवा बोर्ड बसविल्यावर आधी एका जुन्या कार्ट्रिजचे लेखनबंदीचे बटण सरकवून ती वाचावी आणि मगच कोऱ्या कार्ट्रिजवर लिहून पाहावे. या दोन्ही चाचण्या पार पडेपर्यंत जुना बोर्ड, कार्ड आणि केबल भंगारात देऊ नयेत. नव्या बोर्डवर जोडणी शक्यच नसेल, तर जुना संगणक केवळ टेप वाचण्यासाठी जपून ठेवणे हाच सुरक्षित पर्याय ठरतो.