पगारपत्रकावरची एक ओळ

मुंबई-पुण्यात काही वर्षे नोकरी करून मग परदेशी आलेल्या आपल्यापैकी अनेकांना पगाराच्या स्लिपवरची एक लहानशी कपात आठवत असेल: व्यवसाय कर. महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2500. प्राप्तिकरापुढे ही रक्कम इतकी किरकोळ, की तिची चौकशी फारसे कोणी करत नसे. हा कर महाराष्ट्रात 1975 मध्ये आला तो एका मोठ्या प्रयोगाचा खर्च भागवण्यासाठी. तो प्रयोग म्हणजे रोजगार हमी योजना.

तिची कल्पना वि. स. पागे यांची. पागे सांगली जिल्ह्यातले, स्वातंत्र्यलढ्यातले, पुढे विधान परिषदेचे सभापती. कारखानदारी वाढली की रोजगार आपोआप गावापर्यंत झिरपेल, अशी त्या काळच्या नियोजनाची धारणा होती. पागे यांचा हिशेब वेगळा होता. कोरडवाहू गावात पेरणी आणि सुगी सोडली तर मजुराच्या हाताला काम नसते, आणि त्याच गावात बांध, ताली, विहिरी, रस्ते यांची कामे पडून असतात. मग या दोहोंची गाठ का घालू नये? 1965 मध्ये तासगाव तालुक्यात हा प्रयोग छोट्या प्रमाणावर करून पाहण्यात आला.

1972 मध्ये योजना राज्यभर जाहीर झाली आणि लगेच दुष्काळाने तिला गाठले. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी अनेक घरांत आजही निघतात: खडी फोडणारी माणसे, सुकडी, अमेरिकेतून आलेली लाल मिलो. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या काळात हमी योजना बाजूला ठेवावी लागली. ती पुन्हा सुरू झाली 1974 मध्ये.

दुष्काळी काम आणि हमी यांत फरक आहे, आणि सगळे महत्त्व त्या फरकातच आहे. दुष्काळी कामे इंग्रजांच्या काळापासून होती. ती सरकार ठरवील तेव्हा निघत आणि पाऊस पडला की बंद होत. हमीत काम कधी हवे हे मजूर ठरवतो. 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असे त्याने लिहून दिले. ‘मागेल त्याला काम’ ही घोषणा अशी कायद्यात उतरली.

पैसा उभा केला शहरांतून. व्यवसाय कर, मोटार वाहनांवरचा आणि विक्रीवरचा जादा कर, बागायती जमिनीवरचा कर यांतून जे जमेल, तेवढीच भर राज्य सरकारने घालायची. शहरी नोकरदार कर देतो, गावचा भूमिहीन मजुरी मिळवतो, आणि पाझर तलावाचे पाणी बहुधा बागायतदाराच्या विहिरीला लागते. विधिमंडळात योजनेला फारसा विरोध का झाला नाही, याचे एक उत्तर या वाटणीत सापडते.

योजनेत दोष होतेच. बोगस मस्टर, थकलेली मजुरी, अर्धवट सोडलेले रस्ते हे सगळे घडले. बेकारी भत्ता तर क्वचितच कोणाच्या हाती पडला. तरीही कामावर येणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि पाटलाच्या शेतावर मिळेल त्या मजुरीत राबायचे की हमीच्या कामावर जायचे, हा पर्याय त्यांना पहिल्यांदा मिळाला. 1990 नंतर फळबागांची लागवडही योजनेशी जोडली गेली. कोरडवाहू, डोंगराळ जमिनीवर आंबा-काजूची झाडे उभी राहिली.

2005 मध्ये संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. मात्र देशाच्या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची मर्यादा घातली. महाराष्ट्राच्या मूळ हमीत अशी मर्यादा नव्हती.

हमीने कायमच्या नोकऱ्या निर्माण केल्या नाहीत, आणि मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्याही थांबल्या नाहीत. पण काम मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, हे तिने कायद्याने मान्य केले. आपल्या जुन्या पगारपत्रकावरची ती ओळ त्या मान्यतेतला आपला वाटा होता; बहुतेकांनी तो न कळत दिला.