रिओ लिंदा आणि 1864 ची न सापडणारी रेषा

टेक्सासमधल्या एल पासो शहराच्या दक्षिण कडेला, रिओ ग्रांदे नदीलगत, रिओ लिंदा नावाची वस्ती होती. ती आणि आसपासच्या वस्त्या मिळून सुमारे 5,600 लोकांना 1960 च्या दशकात घरे सोडावी लागली. त्याचे कारण अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या 29 ऑगस्ट 1963 च्या चामिसाल तहात मिळते. तहाने मिटवलेल्या सरहद्दीच्या वादाचे मूळ मात्र शंभर वर्षे मागे आहे.

पहिला भक्कम पुरावा 1852 चा. एमरी आणि सालाझार या सर्वेक्षकांनी दोन्ही देशांच्या वतीने नदीवरच्या सरहद्दीची मोजणी केली, तेव्हाचे पात्र नकाशावर आहे. पुढे नदी दक्षिणेकडे सरकत गेली आणि मेक्सिकोची जमीन उत्तर तीरावर आली. 1884 च्या कराराचा निकष असा: काठ हळूहळू झिजला तर सरहद्द नदीबरोबर सरकते, पात्र एकाएकी बदलले तर जागची हलत नाही.

15 जून 1911 रोजी कॅनडाचे लवाद यूजीन लाफ्लर यांनी बहुमताचा निवाडा दिला. 1852 चे पात्र आणि 1864 च्या पुराआधीचे पात्र यांमधली जमीन अमेरिकेची, उरलेली मेक्सिकोची. मग 1864 चा नकाशा काढायचा. पण त्या वर्षी मोजणीच झालेली नव्हती!

सर्वांत जवळचा जाणता माणूस होता अ‍ॅन्सन मिल्स. एल पासोचा 1859 चा नगर-आराखडा त्याचाच आणि 1911 च्या लवाद मंडळावर अमेरिकेचा आयुक्तही तोच. 1864 ची रेषा आखणे अशक्य, असे त्याने भिन्नमतात नोंदवले. तो पक्षकाराचा माणूस होता, म्हणून हे मत जपूनच वाचावे. तरी नदीकाठच्या या जमिनीची त्याच्याइतकी जुनी माहिती असणारा दुसरा कोणी त्या मंडळावर नव्हता, हेही विसरता येत नाही. अमेरिकेने निवाडा नाकारला.

1963 च्या तहाने ती रेषा शोधलीच नाही. काँक्रीटच्या नव्या कालव्याची जागा ठरवली आणि सरहद्द त्याच्या मध्यावर आणली. मेक्सिकोला 630.34 एकर, अमेरिकेला मेक्सिकोच्या कोर्दोबा बेटाचे 193.16 एकर, मेक्सिकोच्या पदरी निव्वळ 437.18. विस्थापितांच्या भरपाईसाठी अमेरिकेने 1964 मध्ये कायदा केला.

रिओ लिंदाच्या घरांचे भवितव्य ठरले ते या कालव्यामुळे. ‘मेक्सिकोची जमीन मेक्सिकोला परत मिळाली’ हे विधान तहाच्या पातळीवर खरे. एकेका घराखालच्या जमिनीबद्दल मात्र 1864 च्या नकाशावाचून ते सिद्ध करता येणार नाही.