घंगाळावरील अक्षरे : चांदवडच्या घरातील वस्तू आणि सदनिकेतील मांडणी

मराठीत 'मांडणे' या क्रियापदाचा व्याप मोठा आहे. पाट मांडतात, पूजा मांडतात, हिशेब मांडतात, डाव मांडतात आणि संसारही मांडतात. या प्रयोगांत वस्तू जागेवर ठेवणे एवढाच अर्थ नाही. वस्तू ठेवल्यामुळे एखादे कार्य सुरू होते, हाही अर्थ त्यांत अंतर्भूत आहे. आजच्या नागर मराठीत घराच्या संदर्भात हे क्रियापद मागे पडत असून 'सजवणे' पुढे आले आहे. मांडलेली वस्तू वापरावयाची असते, सजवलेली पाहावयाची. वाड्यातील वडिलोपार्जित वस्तू दोन खोल्यांच्या सदनिकेत आल्या म्हणजे त्यांचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरण चांदवडचे घेतले आहे, कारण तेथील एक घर लेखिकेने भरलेले पाहिले आणि रिकामे होतानाही पाहिले.

चांदवड हे नाशिकच्या ईशान्येस सुमारे ६५ किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेले गाव. वर किल्ला, डोंगराच्या कुशीत रेणुकेचे देऊळ आणि गावात अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांच्या नावाशी निगडित असा होळकरांचा वाडा, ज्यास रंगमहाल म्हणतात. येथे टांकसाळ होती व तिचा 'चांदवडी' रुपया प्रसिद्ध होता. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख होळकरांकडून कंपनीकडे गेला. सत्ता गेली, वाडा राहिला. रंगमहालाचे सौंदर्य त्याच्या कोरीव खांबांत आणि भिंतींवरील चित्रांत आहे; म्हणजे ते वास्तूपासून वेगळे करता येत नाही. सामान्य गृहस्थाच्या घरीही, अर्थात पुष्कळ लहान प्रमाणावर, हेच तत्त्व होते. पणतीस दिवळी, पोथीस कोनाडा, पगडीस खुंटी, दुधातुपास फडताळ. भिंतच वस्तूला जागा देत असे. वस्तू कोठे शोभेल हा प्रश्न त्या घरात उद्भवतच नव्हता.

या वस्तूंच्या नावांकडे पाहिले असता घराचा वारसा किती मिश्र आहे हे ध्यानात येते. 'देव्हारा' हा देवगृहाचा वंशज. 'तबक' अरबी, 'तस्त' फारसी; 'गुलाबदाणी'तील उत्तरपद फारसी 'दान'. ज्या समईवाचून देवघराची कल्पना करवत नाही, तिच्या नावाचा संबंधही अरबी 'शमअ' या शब्दाशी जोडला जातो. 'कपाट' म्हणजे संस्कृतात दाराची फळी. मराठीत आधी दारे असलेला भिंतीतील कप्पा आणि नंतर भिंतीपासून सुटून उभी राहिलेली स्वतंत्र वस्तू. घराची भिंत पातळ होत गेल्याचा इतिहास या एका शब्दाच्या अर्थांतरात सामावला आहे असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

सर्वांत मौजेचा प्रवास 'टीपॉय'चा. तीन पायांची ती 'तिवई'. संस्कृत 'त्रिपदी'चे हे प्राकृतातून आलेले रूप. हिंदुस्थानीतील तिपाईसारखाच शब्द इंग्रजांनी उचलला. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याची नोंद असून, विलायतेत लोक या शब्दाचा संबंध चहाशी लावतात, असे तेथे म्हटले आहे. हा चहाने भिजलेला शब्द पुढे 'टीपॉय' होऊन मराठी दिवाणखान्यात परतला. तोवर त्याला चौथा पायही फुटला होता. तिवई माळ्यावर गेली आणि तिचीच परदेशी जाऊन आलेली बहीण खोलीच्या मध्यभागी बसली.

लहान घर ही गोष्ट मराठी माणसास नवी नाही. मुंबईत १९२० नंतर बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. तीत कोकण-घाटावरून आलेल्या कुटुंबांनी संसार मांडले, ते मांडणी, फळी आणि ट्रंक यांच्या आधारे. फ्लॅटच्या मालकीस महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याने चौकट मिळाली. 'सदनिका' हा त्यासाठी रूढ झालेला शब्द मोठा प्रामाणिक आहे. सदनाला लघुत्वदर्शक प्रत्यय लावून त्याने घराचे माप आधीच सांगून टाकले. या सदनिकेच्या भिंतीस कोनाड्यापुरती जाडी नसते. म्हणून वस्तू भिंतीतून बाहेर येते, काचेच्या मागे किंवा टीपॉयवर बसते, आणि तिथे का बसली याचे कारण तिला द्यावे लागते. 'आजीचे आहे' हे ते कारण.

येथे प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळतो. लेखिकेचे आजोळ चांदवडचे. काही वर्षांपूर्वी तेथील जुन्या घराची वाटणी झाली. १९९४ च्या महाराष्ट्रातील दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद मानले, परंतु त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ते बंधन राहिले नाही. कायदा असा असला तरी रीत वेगळी आहे. आईने आणि मावशीने हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. घर व जागा मामांकडे राहिली. बहिणींनी 'भांडीकुंडी न्यावी' असे ठरले. ओसरीवर पितळेचा ढीग पडला होता आणि मोड घेणारा व्यापारी काटा घेऊन उभा होता. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. त्या दिवशी तो शब्दशः समोर चालला होता. हंडे, परात, बंब वजनावर गेले. आईने एक घंगाळ, एक समई, एक अडकित्ता आणि देव्हाऱ्यातील एक चांदवडी रुपया एवढेच बाजूस काढले. नाशिकच्या सदनिकेत याहून अधिकास जागा नव्हती.

घंगाळ टीपॉयवर ठेवण्यापूर्वी चिंचेने घासले, तेव्हा काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरे उमटली. भांड्यांवर नाव घालण्याची चाल सर्वपरिचित आहे. तिच्याकडे लेख म्हणून मात्र आपण क्वचितच पाहतो. येथील लेख असा : आरंभी 'चि. सौ. कां.', मग एक स्त्रीनाम, 'हीस मातोश्रीकडून', आणि शेवटी 'शके १८७०', म्हणजे इ. स. १९४८–४९. ते स्त्रीनाम घरात कोणासही ठाऊक नव्हते. मावशीने बऱ्याच वेळाने ओळखले. ते आजीचे माहेरचे नाव. लग्नात तांदळांवर नवे नाव लिहिले गेले आणि पुढे सासरी, रेशनकार्डावर, मतदारयादीत, मृत्यूच्या दाखल्यावर तेच राहिले. जुने नाव उरले ते या काठावर.

लेखाच्या भाषेसंबंधी तीन गोष्टी नमूद करणे अवश्य आहे. 'हीस' यातील चतुर्थीचा 'स' प्रत्यय बोलण्यात 'ला'ने मागे सारला असला तरी दानलेखाच्या भाषेत टिकून आहे. दुसरे, 'सौभाग्यकांक्षिणी' हे विशेषण अक्षता पडेपर्यंतच लागू असते. त्यानंतर ती 'सौ.' होते. म्हणजे हा लेख विवाहापूर्वीच्या थोड्या दिवसांचा आहे आणि त्या दिवसांपुरतेच आजीचे ते नाव लिखित भाषेत आले. तिसरे, देणारीचे नावच नाही. आहे ते केवळ नाते. घेणारीचे नाव पुढे पुसले गेले, देणारीचे लिहिलेच गेले नाही. स्थावरातून ज्यांचा हक्क सह्या घेऊन काढला जातो, त्यांच्या स्त्रीधनाचा पुरावा असा चार बोटे रुंदीच्या पट्टीवर असतो, आणि प्रत्येक दिवाळीला आपण तो घासून थोडा थोडा पुसतो.

अशा वस्तू संग्रहालयात द्याव्यात, असे कोणी सुचवील. पुण्यात दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्याच्या वस्तू जमवून आपले घर भरले व पुढे तो संग्रह राज्यशासनास दिला. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु संग्रहालयाची मांडणी जातीनुसार असते : दिव्यांशेजारी दिवे, अडकित्त्यांशेजारी अडकित्ते. घरातील मांडणी नात्यानुसार असते. घंगाळ, रुपया आणि अडकित्ता यांना एकत्र आणणारे सूत्र धातूत नाही, काळात नाही, उपयोगातही नाही. ते एका माणसात आहे. तो माणूस सांगावयास राहिला नाही तर त्या तीन सुट्या वस्तू उरतात. म्हणून ज्या विद्यार्थ्यांच्या घरी वाटण्या व्हावयाच्या आहेत, त्यांनी काटा येण्यापूर्वी भांड्यांवरील लेख उतरून घ्यावेत. तिरपा प्रकाश पाडला असता झिजलेले ठिपकेही वाचता येतात. ओसरीवरच्या त्या ढिगातील हंड्यांवर काय होते, हे आता कळण्याचा मार्ग नाही. आम्ही ते पाहिलेच नव्हते.

शोभेसाठी ठेवलेल्या वस्तूबरोबर तिची भाषाही अडगळीत जाते, हे खरे. घंगाळ ओळखणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी 'विसण' हा शब्द फारच थोड्यांना ठाऊक असतो. नळाला गरम आणि गार पाणी एकत्र येत असता कढत पाण्यात विसण घालावयाचे कोणी? आमच्या घरी मात्र आईचा एक हट्ट आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे ती घंगाळ उचलून मोरीत नेते, त्यात कढत पाणी ओतते आणि विसण घालावयास नातीला हाक मारते. रुपया संध्याकाळी लक्ष्मीपूजनात मांडला जातो. घंगाळ मोरीतच पालथे असते, आणि टीपॉय तो दिवसभर रिकामा असतो.