उपनगराचे वय

सांगलीहून मिरजेच्या रस्त्याने विश्रामबागेला यावे आणि तेथून डाव्या हाताला कुपवाडकडे वळावे. अंतर काही फार नाही, पण माणसांच्या वयात केवढा फरक पडतो पाहा! कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणारा माणूस पंचविशी-तिशीतला, पुष्कळदा परमुलखातला, आणि भाड्याच्या खोलीत राहणारा. विश्रामबागेत सकाळी फिरायला निघालेली मंडळी बहुतेक निवृत्त. बंगला स्वतःचा, मुलगा पुण्याला, नाही तर परदेशी. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतीत या सगळ्यांची बेरीज पाच लाखांच्या थोडी वर आली. बेरजेत वये दिसत नाहीत. ती पाहायची तर या वाटेने आपल्या कितीतरी आधी गेलेल्या वस्तीकडे जावे लागेल. मी दादर-माटुंग्याविषयी बोलतो आहे.

दादरला आज कोणी उपनगर म्हणणार नाही. पण १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा गिरगाव-मांडवीच्या कोंदट चाळींतून माणसे बाहेर काढल्याखेरीज गत्यंतर नाही हे सरकारला पटले. १८९८ च्या कायद्याने इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याची शेते, वाड्या घेऊन रुंद रस्ते आखले, प्लॉट पाडले. घर दोन-तीन मजल्यांचे, चारी बाजूंनी मोकळे. हे सारे कोणासाठी? नबाबांसाठी नव्हे. पगारावर जगणाऱ्या मध्यम स्थितीच्या माणसासाठी.

मग माणसे आली, आणि ती आपापल्या जातभाईंना हाताशी धरून आली. हिंदू कॉलनीत महाराष्ट्रीय कुटुंबे बसली. माटुंग्याला मद्रास इलाख्यातून आलेले कारकून, टंकलेखक, हिशेबनीस. त्यांनी १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी काढली, आणि देवळे, भजनी मंडळे, केळीची पाने अन् मोगऱ्याचे गजरे विकणारी दुकाने आपोआप मागून आली. कच्छी-गुजराती व्यापारी आले. रुइया कॉलेज १९३७ सालचे. आणि मधोमध पारशी. ट्रस्टमध्येच नोकरीला असलेले इंजिनियर मंचेरजी जोशी यांनी खटपट करून १०३ प्लॉट आपल्या समाजासाठी राखून घेतले. (जोशी हे आडनाव पारशी असू शकते, हे ऐकून आपल्याकडे लोक अजून चमकतात.) रस्त्यारस्त्याला निराळ्या जातीची झाडे लावली, आणि एक विशेष म्हणजे वसाहतीला भिंत घातली नाही.

आता इथे गंमत सुरू होते. नवी वस्ती वसते तेव्हा तिच्यात येणारे लोक साधारण एकाच वयाचे असतात. नव्याने संसार मांडलेली जोडपी येतात. दहा वर्षांत गल्ल्या पोरांनी भरतात. वीस वर्षांत शाळा-कॉलेजे अपुरी पडतात. आणि पुढे ती सगळी जोडपी एकदमच म्हातारी होतात! जुन्या गावात असे होत नाही. तिथे पाळणा आणि काठी एकाच घरात असते.

म्हातारी झाल्यावर जागा रिकामी का झाली नाही? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १९४० च्या सुमाराला जी होती तिथेच जखडली. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला शेकडा ४ वाढ दिली, पण तोवर जमिनीचा भाव कुठच्या कुठे गेला होता. जुन्या भाडेकरूला घर सोडणे परवडेना, आणि नव्या जोडप्याला तिथे घर घेणे परवडेना. माटुंग्याच्या तमिळ कारकुनाचा मुलगा चेंबूरला, मुलुंडला, डोंबिवलीला गेला, नातू अमेरिकेत. ज्या कारकुनासाठी हे उपनगर बांधले त्याच्याच वंशजाला ते दाराबाहेर ठेवते. श्रीमंत वस्ती म्हणतात ती ही. श्रीमंती जमिनीची, तीत राहणारे आजोबा पेन्शनीवर दिवस काढत असतात.

सगळ्यांपेक्षा पारशांचे चित्र बोचरे. १९४१ साली हिंदुस्थानात पारशी १,१४,८९० होते. २००१ साली ते ६९,६०१ झाले, आणि २०११ साली ५७,२६४. याच मुदतीत देशाची लोकसंख्या तिपटीच्या वर गेली हे ध्यानात घ्या. २००१ मध्ये पारशांत शेकडा ३१ माणसे साठी उलटलेली होती. साऱ्या देशात हेच प्रमाण शेकडा ७-८ होते. कारणे लोक नाना सांगतात. शिक्षण झाले, लग्ने उशिरा होऊ लागली, पुष्कळांची झालीच नाहीत. शिवाय १९०८ च्या मुंबई हायकोर्टाच्या निकालाने पारशी बापाची मुले समाजात धरली, पण परजातीत लग्न केलेल्या मुलीची धरली नाहीत. माझ्या मते घराचाही यात मोठा हात आहे: आई-बापांच्या दोन खोल्यांत सून आणायची कुठे, हा प्रश्न लग्नाचे वय पुढे ढकलतो.

आणि हे एका समाजाचे दुखणे म्हणून बाजूला सारू नये. २०११ साली महाराष्ट्रात साठीपुढची माणसे शेकडा ९.९ होती, देशात ८.६. विश्रामबागेतला मोठा बंगला आणि त्यात राहणारी दोन माणसे, हा हिशेब त्याच जातीचा आहे.

पारशांसाठी केंद्र सरकारने २०१३ साली ‘जियो पारसी’ नावाची योजना काढली. आधी मूल न होणाऱ्या जोडप्यांच्या औषधोपचाराचा खर्च दिला. तेवढ्याने भागेना. पुढे त्यात मुलांच्या पाळणाघराची आणि घरातल्या वृद्धांच्या सांभाळाची मदतही घालण्यात आली; कारण एकुलता एक मुलगा आणि एकुलती एक मुलगी यांनी लग्न केले, तर पहिले बाळ येण्याआधीच त्यांच्या माथ्यावर चार म्हाताऱ्यांची जबाबदारी असते.